थोरल्या भावासाठी प्रार्थना

नाही, नाही, मागे शेडमध्ये कुठं निघालास? बस इथंच. त्या बाकावर बस, तेल लागलेलं नाही त्याला — लागलं असलं तर लागू दे, तुझ्या शोरूममध्ये धुलाईची सोय असेलच. काय सांगायचं ते मला सांग. मी त्यांची बायको आहे, तुझी काकू आहे, शेजारीण नाही. हां, ऐकलं मी. दारातूनच ओरडत आलास, सगळ्या गल्लीने ऐकलं — बाबांनी अंथरूण धरलंय, डॉक्टर म्हणतात आता घरीच ठेवा, आणि बाबा म्हणतात, धाकट्याला बोलवा, त्याने माझ्याजवळ बसून प्रार्थना करावी. असंच म्हणाले ना? प्रार्थना करावी! बघ, मला हसू येतंय, राग मानू नको — म्हणजे आला तर येऊ दे, मला काय. इतकी वर्षं तुझे काका भर चर्चमध्ये उभे राहून तुझ्या बापासाठी प्रार्थना करत होते, तेव्हा ती त्यांना नको होती. त्या प्रार्थनेला कंटाळून नदीपलीकडच्या चर्चला जायला लागले. आणि आता घरपोच हवी!

ऐकू येतंय ना ते? ठण-ठण-ठण, मग जरा थांबायचं, मग परत ठण — तेच ते. कुणाच्या तरी व्हॅनचं दार चेपलंय, आतून ठोकून सरळ करतायत. या वयात. मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं बघा, मी आहे, कामगार आहेत. ऐकतील तर शपथ. पत्र्याला हात लावला की म्हणे त्यांना बरं वाटतं. — सांगते, सांगते, बोलावते त्यांना. घाई कसली? इतक्या वर्षांनी आमच्या दारात पाय ठेवलास, तर ऐकूनच जा. त्यांना कमी ऐकू येतं आता, आपलं बोलणं तिथवर जात नाही.

तुला काय माहीत आहे, सांग बरं? भावाभावांत बिनसलं, एवढंच ना? तुमच्या घरात असंच सांगत असतील. बिनसलं! दुधासारखं आपोआप नासलं! अरे, तुझ्या आजोबांचं वर्कशॉप होतं, आणि ते चालत होतं या माणसाच्या हातांवर. तुझे वडील गल्ल्यावर बसायचे, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे — ते त्यांना येतं, नाही म्हणत नाही मी — आणि हे गाडीखाली. बाहेर काढलं तर चेहरा कुठं संपतो नि ग्रीस कुठं सुरू होतं कळायचं नाही. आजोबा गेले, कागद थोरल्याच्या नावावर निघाले. धाकट्याने कधी कागद बघितलेच नव्हते, त्याला वाटायचं भाऊ आहे की बघायला. एका रविवारी आम्ही सगळे चर्चमध्ये, माझ्या बाळाचा बाप्तिस्मा, आणि इकडे तुझ्या बापाने वर्कशॉपचं कुलूप बदललं. रविवारी! सोमवारी हे गेले कामावर. किल्ली फिरेना. त्यांना वाटलं कचरा अडकला. फुंकर मारली. मग खिशातली छोटी कुपी काढून तेल सोडलं कुलपात. डोळ्यांपुढे आण — एक माणूस आपल्याच वर्कशॉपच्या दारात उभा राहून परक्या कुलपाला तेल घालतोय, आणि सख्खा भाऊ आत जाळीमागे उभा राहून बघतोय. किती वेळ बघत होता देव जाणे. मग जाळीतून एक हात बाहेर आला. हातात ह्यांचा जेवणाचा डबा. शनिवारी विसरलेला, न धुतलेला. म्हणाले, हा घेऊन जा, बाकी सगळं दुकानाचं आहे. बाकी सगळं — म्हणजे ह्यांचे पाने, ह्यांच्या हातोड्या, त्यातली एक तर ह्यांच्या वडिलांनी स्वतःच्या हाताने दांडा बसवून दिलेली. सगळं दुकानाचं. डबा तेवढा आमचा.

तू तेव्हा शाळेत होतास, तुझा काय दोष — असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही. मोठा झाल्यावर तुला पाय नव्हते इकडे यायला?

असू दे. हे घरी आले आणि कॉटवर बसून राहिले, तो डबा मांडीवर. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, वकील बघू, चार माणसं घेऊन जाऊ, दार फोडू. नाही म्हणाले. म्हणाले, मी प्रभूच्या माणसांतला आहे, सूड घेणं माझं काम नाही. मी म्हटलं, मग कुणाचं? माझं? दुसऱ्याच आठवड्यात उसने पाने आणून घरासमोर गल्लीत काम सुरू केलं. गाडी विटांवर चढवायची आणि खाली पोतं टाकून शिरायचं. सुटे भाग मी धुवायची, स्वयंपाकघरातल्या परातीत, रॉकेलने. ती परात नंतर कितीही घासली तरी वास जाईना, आमच्या पोराला लहानपणी वाटायचं कणकेला असाच वास असतो. यातूनच उभं राहिलंय हे, तू बसलायस ते. ही शेड, तो पत्रा, मुलगा, सून, सगळं.

पण मी ते सुडाचं सांगत होते — त्याच महिन्यातली गोष्ट. उपासनेत प्रवचन झालं की पाळक म्हणायचे, कुणाला प्रार्थना करायची असेल तर उभं राहा. म्हाताऱ्या उठायच्या, कुणाचा गुडघा, कुणाचा जावई. त्या दिवशी हे उठले. कधी चार माणसांत तोंड न उघडणारा माणूस. पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला, घसा खाकरला, आणि सुरू केलं — हे प्रभू, माझ्या थोरल्या भावाला आशीर्वाद दे. त्याने काय केलं ते तुला ठाऊक आहे, मी या मंडळीपुढे ते बोलणार नाही. त्याने लावलेलं प्रत्येक कुलूप सांभाळ. आणि त्याला रात्री शांत झोप दे, प्रभू, कारण ती त्याला लागत नसणार. आमेन. — असं! आवाजात राग नाही, डोळ्यांत पाणी, अगदी मनापासून. आणि तुझे वडील तिसऱ्या बाकावर. मी मागून बघत होते, त्यांचे कान लाल होत होत मानेपर्यंत आले. आणि सगळं चर्च डोळे मिटून — मिटून कसलं, किलकिले करून — त्यांच्याकडे बघत होतं. काय बोलणार ते? प्रार्थना करतोय भाऊ! थांबवणार कसं? पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. तुझ्या बापाने नवी गाडी घेतली, हे उठले — हे प्रभू, माझ्या भावाच्या नव्या गाडीला सांभाळ, बंद पडली तर बॉनेट कुठून उघडायचं तेही त्याला कळणार नाही. तुमच्या बंगल्याचा वरचा मजला चढला — हे प्रभू, त्याच्या घराचा पाया घट्ट ठेव, वरचं ओझं तुला ठाऊकच आहे. लोक वाट बघायचे रे! एरवी प्रवचनाला पेंगणारी माणसं प्रार्थनेला ताठ बसायची. पाळकांनी एकदा बाजूला घेऊन सांगितलं, जरा थोडक्यात आटपा, तर हे म्हणाले, पाळकसाहेब, भावावरचं प्रेम थोडक्यात कसं आटपू?

मला कसं वाटायचं? खरं सांगू — आठवडाभर मी रविवारची वाट बघायची. इस्त्री केलेला शर्ट मी स्वतः त्यांच्या अंगात चढवायची. शनिवारी भाजी निवडता निवडता विचारायची, उद्या काय म्हणणार? ते म्हणायचे, प्रभू सुचवेल ते. मग मीच सुचवायची. बॉनेटचं माझं होतं. पायाचंही माझंच.

मग तुझे वडील नदीपलीकडच्या चर्चला गेले. सुटलो म्हणाले असतील. तिकडे वार्षिक उपकारस्तुतीची सभा, बाहेरच्या मंडळींनाही आमंत्रण. हे गेले, शेवटच्या बाकावर बसले. तिथल्या पाळकांनी विचारलं, पाहुण्यांपैकी कुणी दोन शब्द — हसतोस? हस. तुझी आई बेशुद्ध पडायची बाकी होती म्हणे.

आणि तो चेनब्लॉकचा दिवस. आता हे तर तू डोळ्यांनी पाहिलंयस, तेव्हा तू गल्ल्यावर बसायला लागला होतास, नाही म्हणू नको. गाडीतून इंजिन उपसलेलं, चेनब्लॉकच्या साखळीला लोंबकळतंय, आणि साखळी अडकली. वरही जाईना, खालीही येईना. खाली गिऱ्हाइकाची गाडी, गिऱ्हाईक शेजारी उभं. तो चेनब्लॉक तुझ्या आजोबांनी भंगारातून जुळवलेला, त्याची खोड फक्त ह्यांना माहीत. माणूस पाठवलात. हे पत्र्यावरून उठले, हात धुतले, आणि चालत गेले. कुलूप बदलल्यानंतर पहिल्यांदा त्या दारातून आत. सगळे कामगार बाजूला झाले. इंजिन वर झोके घेतंय, आणि ह्यांनी काय केलं? त्या तेलकट फरशीवर गुडघे टेकले. डोळे मिटले. आणि भावासाठी प्रार्थना सुरू केली — त्याच्या तब्येतीसाठी, त्याच्या मुलासाठी, म्हणजे तुझ्यासाठी, त्याच्या म्हातारपणासाठी, त्याच्या हिशेबाच्या दिवसासाठी. संपता संपेना. गिऱ्हाइकाने टोपी काढली म्हणे. मग उठले, वर चढून कुठंतरी एक थाप मारली, साखळी सुटली, इंजिन आलं खाली. भिंतीवर ह्यांची ती हातोडी टांगलेली होती, वडिलांनी दिलेली. काढली, तळहातावर तोलली, परत खुंटीला लावली. तुझ्या बापाकडे बघितलंसुद्धा नाही. घरी येऊन मला हे सांगितलं तेव्हा मी त्यांना दुसऱ्यांदा वाढलं, तिसऱ्यांदा वाढलं. मी म्हटलं, लाभलं हो मला लग्न.

ठोकणं थांबलं वाटतं. चहाची वेळ झाली असेल. येतील इकडेच.

तू विचारशील, मग आता काय झालं, आता का गप्प आहेत? कळलंच असेल तुमच्याकडे. गेल्या मोठ्या सणापासून, नाताळापासून, तुझे काका चर्चमध्ये तोंड उघडत नाहीत. आमची नात — मुलाची मुलगी, तिला आजोबा वॉशर म्हणतात. एवढीशी, गोल, आणि म्हणे ती नसली तर घरात सगळीकडून गळती लागते. तिचं सगळं आजोबांवर. बसणं तसंच, खाकरणं तसंच, रागावली की हात मागे बांधून फेऱ्या मारणं तसंच. हेही असे की तिच्यासाठी गाडीखाली एक छोटं पोतं वेगळं ठेवलंय. रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन शास्त्रातली गोष्ट सांगायचे, सांगता सांगता तिच्या वेणीला ग्रीस लागायचं, सून कुरकुरायची. तर सणाचं नाटक होतं मुलांचं. वॉशरला देवदूत व्हायचं होतं, ते काम दुसऱ्याच मुलीला मिळालं, तिच्या वर्गातलीच, शांत, बारीकशी. वॉशरला मेंढरू केलं. पुढच्या रविवारी संडेस्कूलच्या मुलांनी मोठ्यांपुढे प्रार्थना म्हणायच्या होत्या. आमची उठली. पुढच्या बाकाच्या पाठीवर हात ठेवला — पोचत नव्हता, टाचा उंच करून ठेवला. घसा खाकरला. म्हणाली, हे प्रभू, माझ्या मैत्रिणीला आशीर्वाद दे. तिने काय केलं ते तुला ठाऊक आहे, मी या मंडळीपुढे ते बोलणार नाही. तिचे पंख वाकडे होते, तरी तिला सांभाळ. तिला शांत झोप दे, प्रभू.

अख्खं चर्च हसलं. पाळकसुद्धा वहीआड तोंड लपवून हसले. मी तर डोळे पुसत होते हसून हसून — काय पोर आहे! आणि ती दुसरी मुलगी, तिच्या आईच्या कुशीत तोंड खुपसून — हां, तिचे कान. लाल. मानेपर्यंत. मी ते बघितलं, हेही बघत होते. सगळ्या चर्चमध्ये हे एकटे हसले नाहीत. माझ्या शेजारी बसल्या बसल्या एकदम म्हातारे झाले रे, सांगते तुला. घरी येताना पोरीला विचारलं, हे कुठं शिकलीस? ती म्हणते, तुम्हीच ना आजोबा, जो आपलं वाईट करतो त्याच्यासाठी प्रार्थना करायची. झालं. जेवले नाहीत. संध्याकाळी तिचा हात धरून त्या मुलीच्या घरी गेले आणि त्या एवढ्याशा पोरीपुढे, पायरीवर खाली बसून, माफी मागितली. वॉशरने नव्हे, ह्यांनी! म्हणाले, बाळ, चूक हिची नाही, हिला शिकवणाऱ्याची आहे. मला सुनेने सांगितलं. मी म्हटलं, अहो, एवढं काय झालं, पोरं भांडतात नि विसरतात. तर माझ्याकडे बघून म्हणतात कसे — आपण विसरलो का?

तेव्हापासून बंद. पाळक विचारतात, कुणाला प्रार्थना करायची आहे, आणि माना वळतात आमच्या बाकाकडे, आणि हे खाली बुटांकडे बघत बसतात. मला सहन होईना. मी ह्यांना म्हटलं, तुमचं झालं असेल, माझं नाही झालं! एका रविवारी मीच उठले. बाकावर हात ठेवला. हे प्रभू, माझ्या थोरल्या दिरांना — एवढंच म्हणाले असेन, तर पाळकांच्या बायकोने पेटीवर गाणं सुरू केलं. माझ्या बोलण्यावर. मोठ्याने. मी उभी, आणि सगळे गातायत. आणि हे — माझा नवरा — माझा पदर धरून मला खाली ओढत होते.

नाही, तुला नाही कळायचं. लोकांना वाटतं वर्कशॉपसाठी. वर्कशॉप गेलं चुलीत, वर्कशॉप आम्ही दुसरं उभं केलं, तुमच्यापेक्षा चांगलं चालतं. अरे, त्या बाप्तिस्म्याला तुझे वडील माझ्या बाळाचे धर्मपिता होणार होते, बाळाला हातावर घेऊन पाळकांपुढे उभे राहणार होते. तुला हे कुणी सांगितलं नसेल. ह्यांना नको होतं, ह्यांच्या मनात दुसरं कुणीतरी होतं. मी हट्ट धरला. मी म्हटलं, भाऊजीच हवेत. या घरात मला आणलं त्यांनी, मला बघायला आले होते ते, माझ्या वडिलांना म्हणाले होते, पोर आमच्याकडे द्या, बहिणीसारखी ठेवू. आणि ठेवलं होतं रे. पहिली दोन वर्षं मला या घरात जे काही बोलायचं असायचं ते मी आधी त्यांना बोलायची. तर सगळे जमलेत, पाणी भरून ठेवलंय, बाळ पांढऱ्या झबल्यात, आणि भाऊजी नाहीत. पाळक म्हणतात, सुरू करू या. मी म्हटलं, थांबा, ते येतील. बाळ रडून रडून निळं पडलं, लोक घड्याळं बघायला लागले, ह्यांनी म्हटलं, अगं, पुरे. मी म्हटलं, नाही, थांबा, त्यांनी मला शब्द दिलाय, काहीतरी अडचण आली असेल, ते येणार. सगळ्यांना थांबवून ठेवलं मी. हात जोडून. आणि ते तिकडे —

नको, पाणी नको मला. हात बाजूला घे.

ह्यांनी सोडून दिलं असेल, ह्यांचं फक्त दुकान गेलं. मी नाही सोडणार. तुझे वडील शेवटच्या घटका मोजत असतील ना, मोजू देत. प्रार्थना हवी म्हणतात — कसली हवी? ती पूर्वीची? की दुसरी कुठली? सांग त्यांना, धाकट्याला वेळ नाही. सांग, व्हॅनचं दार सरळ करतोय. सांग, काकू म्हणाली, थांबा, तो येईल. हां, हेच सांग. थांबा म्हणावं, येईल. आणि मग ते दाराकडे बघत बसू देत, लोक घड्याळाकडे बघू देत, आणि हे जाणार नाहीत. मी जाऊ देणार नाही. माझ्या शब्दाबाहेर नाहीत ते, एवढं लक्षात ठेव —

काय? काय बघतोयस खिडकीतून? कुणाची स्कूटर? असेल गिऱ्हाइकाची. — थांब जरा. ठोकणं किती वेळचं बंद आहे? तू ऐकत होतास ना, तुला कळलं असेल. मग बोलला का नाहीस? — अहो! — अहो, ऐकलं का? — सूनबाई, हे कुठंयत? काय? मागच्या दाराने? स्कूटर घेऊन? कधी? तूच सांगितलंस त्यांना, थोरले बोलावतायत म्हणून? आणि तू मला सांगितलं नाहीस? आणि वॉशर? वॉशरला कशाला नेलं? तिला त्या घरात — ती काय करणार तिथं, ती तर — 

बरं.

बरं, ठीक आहे.

उठ तू. उठ, जा आता. तुझ्या गाडीआधी पोचतील ते, गल्लीबोळातून जातात. — काय म्हणालास? नाही. गाडीत जागा असू दे, नाहीतर नसू दे. मला नाही यायचं. शेड उघडी आहे, कामगार आहेत, गिऱ्हाईक व्हॅनसाठी येईल, कुणीतरी इथं नको का? अरे, दारात उभा राहून माझ्याकडे काय बघतोस? जा म्हटलं ना.